४० किलोमीटरचा आंबेनळी घाट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात महाबळेश्वर ते पोलादपूर या राज्यमार्गावर एक पानभर लिहिलं होतं, आंबेनळी घाटाचा रस्ता, जेमतेम ४० किलोमीटरचा. एवढ्याशा रस्त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं खरंच. सगळी छापता येणार नाहीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही पत्रांतल्या व्यक्तिगत गोष्टी मुद्दाम गाळल्यात.

प्रश्न: गुगल मॅपवर हा रस्ता नुसता वेटोळं दिसतो. नक्की कुठून कुठे जातो, मधे कुठली गावं लागतात ते नीट सांगाल का? आम्ही मे महिन्यात फॅमिलीला घेऊन पहिल्यांदाच उतरणार आहोत. (वाचक, पुणे)

सांगतो ना. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून बाहेर पडलात की पश्चिमेकडे पोलादपूरची पाटी दिसते, तिथून रस्ता लगेच उतरायला लागतो आणि दोन्ही बाजूंनी झाडी असल्यामुळे सुरुवातीला घाट आहे असं वाटतच नाही, मग मेटतळं येतं आणि तिथून पुढे दरी उघडते. साधारण २० किलोमीटरवर वाडा कुंभरोशी. इथे डावीकडे प्रतापगडाचा फाटा आहे, टपऱ्या आहेत, चहा घ्या, गाडीला आणि पोटात ढवळत असेल त्यांना जरा आराम द्या. बहुतेक टुरिस्ट गाड्या इथूनच गडाकडे वळतात आणि गड बघून परत महाबळेश्वरला जातात, म्हणजे पुढचा अर्धा रस्ता त्यांना माहीतच नसतो. खरा आंबेनळी त्याच्या पुढे, कुंभरोशी सोडलं की खिंड ओलांडून रस्ता रायगड जिल्ह्याच्या बाजूला उतरतो, वळणामागून वळण, मग खाली सपाटी लागते, कापडे गाव येतं आणि पोलादपूरला मुंबई-गोवा हायवेला भेटतो. एकूण उतार १२०० मीटरच्या वर आहे. ४० किलोमीटर म्हणून अर्ध्या तासाचा हिशोब करू नका, दीड तास धरा, थांबत गेलात तर दोन.

एक गोष्ट मात्र मुलांना नक्की दाखवा. कुंभरोशीपर्यंत जे पाणी रस्त्याशेजारून वाहतं ते कोयनेचं, ते शिवसागर जलाशयात जातं, पुढे कराडला कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागराला. खिंड ओलांडली की जे पाणी दिसतं ते सावित्रीचं, ते महाड, दासगाव करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच. एकाच पावसाची सर त्या खिंडीवर पडते आणि तिचे अर्धे थेंब एका समुद्राला, अर्धे दुसऱ्या. (कोयनेचं बरंचसं पाणी पुढे वीज करायला बोगद्यातून पोफळीला उतरवतात आणि ते शेवटी अरबी समुद्रातच जातं, पण ती माणसाची करामत, डोंगराची नाही.) मी शाळेत असताना भूगोलाच्या सरांनी जलविभाजक हा शब्द चार वेळा पाठ करून घेतला होता, कळला मात्र त्या खिंडीत एसटी पंक्चर झाली तेव्हा, खाली उतरून दोन्हीकडे बघितलं तेव्हा.

प्रश्न: आमच्याकडची जुनी माणसं याला फिट्झगेराल्ड घाट म्हणायची. आणि हा घाट चिनी कैद्यांकडून बांधून घेतला असंही सांगतात. खरं काय? इंग्रजांच्या आधी कोकणात लोक कसे उतरायचे? (शिक्षिका, सातारा)

ताई, तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही आवडीचे, त्यामुळे जरा लांबणार.

आधी नावाचं. सर सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव या घाटाला दिलं. रस्ता खुला झाला १८७६ ला, म्हणजे ज्यांचं नाव ते तेव्हा गव्हर्नर राहिलेले नव्हते. कागदावर फिट्झगेराल्ड आणि लोकांच्या तोंडी आंबेनळी अशी दोन नावं बरीच वर्षं शेजारी शेजारी चालली, शेवटी लोकांचं राहिलं. सह्याद्रीत डोंगराला पडलेल्या अरुंद घळीला नळी म्हणतात हे ट्रेकिंग करणाऱ्यांना माहीत असेलच, तो शब्द या नावात अजून जिवंत आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता चिनी कैदी. ही गोष्ट अगदी हवेतली नाही. महाबळेश्वरला १८३४ च्या सुमाराला खरंच एक तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले, आणि त्यांच्याकडून महाबळेश्वरच्या डोंगरावरचे रस्ते करून घेतले, भाजीपाला, बटाटा वगैरे लावून घेतला. पण तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. आपला घाट खुला झाला त्याच्या १२ वर्षांनी. मग वरच्या पठारावरचे रस्ते त्यांचे आणि घाट त्यांचा नाही, असंच म्हणावं लागतं. लोकांच्या आठवणीत दोन गोष्टी एकत्र झाल्या असणार, आणि ते साहजिक आहे, कारण परमुलखात आणून डोंगर फोडायला लावलेली माणसं विसरली जात नाहीत. घाटात ज्यांनी सुरुंग लावले, ज्यांनी दगड घडवून रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या बांधल्या त्यांची नावं मात्र कुठेही नाहीत, ना पाटीवर ना दगडावर. गव्हर्नरचं तेवढं राहिलं.

आणि आधीची वाट म्हणजे पारघाट. आज तुम्ही प्रतापगडावर उभ्या राहिलात तर खाली पार गाव दिसतं, त्या पारवरून जुनी वाट कोकणात उतरायची. महाबळेश्वरच्या बाजूने पारला यायचं तर रडतोंडीचा घाट. नावातच सगळं आलं. इंग्रजांनी त्याचं रोटुंडा करून टाकलं, म्हणजे ऐकायला गोल घुमटासारखं छान, पण मूळ अर्थ चढताना रडू यायचं. कराड-चिपळूणचा कुंभार्ली घाट १८६४ ला झाला आणि हा आपला १८७६ ला, त्याच्या आधी साताऱ्याकडून कोकणात जायचा मोठा मार्ग म्हणजे हाच पारघाट. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं.

या वाटेचं महत्त्व काय होतं हे समजायचं तर जावळीचा इतिहास बघा. १६५६ ला शिवाजी महाराजांनी मोरे घराण्याकडून जावळी घेतली आणि लगेच पारच्या डोक्यावर भोरप्या डोंगरावर प्रतापगड बांधायला घेतला, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली. का तिथेच? कारण ज्याच्या हातात पारघाट त्याच्या हातात घाटमाथा आणि कोकण यांच्यामधलं दार. १६५९ ला अफझलखान वाईहून निघून रडतोंडी उतरून पारलाच आला, १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी काय झालं ते महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण मला दरवेळी वाटतं की आपण ती गोष्ट सांगताना वाघनखं आणि चिलखतापर्यंत थांबतो, त्या वाटेबद्दल बोलत नाही. हत्ती, तोफा, एवढं मोठं सैन्य त्या जंगलात आणि त्या उतारावर अडकलं होतं हे तिथे चालून बघितल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न: माझी पणजी सांगायची की तिच्या सासऱ्यांच्या वेळी मुंबईचे साहेब महाबळेश्वरला बोटीने जायचे. आम्ही सगळे हसायचो, डोंगरावर बोटीने कसं जाणार. हे खरं असू शकतं का? (वाचक, डोंबिवली)

खरं आहे, पणजीबाईंना हसायला नको होतं! मुंबईहून आगबोट किनाऱ्याने बाणकोटच्या खाडीत यायची, सावित्रीतून आत दासगावपर्यंत, तिथे उतरून महाड, पोलादपूर आणि मग घाट. आधी पारघाटाने, पालखीतून नाहीतर घोड्यावरून, आणि १८७६ नंतर फिट्झगेराल्ड घाटाने गाडीतून. म्हणजे हा रस्ता बांधायचं एक मोठं कारणच हे की उन्हाळ्यात सरकार मुंबईहून महाबळेश्वरला हलायचं. १८२९ ला मुंबई सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन बदल्यात महाबळेश्वर घेतलं, तेव्हा गव्हर्नर होते सर जॉन माल्कम, म्हणून बाजारपेठेचं नाव माल्कम पेठ. मग पुढे पुण्यावरून दक्षिणेला रेल्वे गेली, लोक वाठार स्टेशनला उतरून वाई-पाचगणीवरून वर यायला लागले आणि दासगावची वाट मागे पडली.

त्या दासगावचं नाव पुढे पेपरात आलं ते २००५ च्या जुलैमध्ये, दरड कोसळली म्हणून. ज्या बंदरावर एके काळी गव्हर्नरचा लवाजमा उतरायचा तिथली घरं मातीखाली गेली. घाट आणि खाडी एकाच पावसाने बांधलेली आहेत, वर जे पडतं ते खाली जातंच.

प्रश्न: माझं पोलादपूरला दुकान आहे, अर्धा माल साताऱ्याकडून येतो. दर पावसाळ्यात घाट बंद. दोन दिवस, आठ दिवस, २०२१ ला तर विचारूच नका. १५० वर्षं होत आली त्या रस्त्याला, आजून तो नीट का होत नाही? कुणाला विचारलं की सांगतात दरड आली, निसर्ग आहे, काय करणार. (व्यापारी, पोलादपूर)

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. निसर्ग आहे काय करणार हे उत्तर मलाही अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाऊस खरंच अचाट आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पडला, म्हणजे बऱ्याच दुष्काळी तालुक्यांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेला ८० हून जास्त माणसं गेली, तुमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत घरं गेली, आणि आंबेनळी ठिकठिकाणी तुटला, नुसती दरड वर येऊन पडली असं नाही, खालचा रस्ताच वाहून गेला.

आता डोंगर कसा आहे ते बघा. माथ्यावर जांभ्याचं झाकण, लाल, भोकाभोकांचा दगड, पाणी पिऊन घेतो. त्याच्याखाली काळ्या कातळाचे थर एकावर एक, लाव्हाचे, आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल मातीसारखा मऊ पट्टा, घाटात जाताना कापलेल्या भिंतीत ती लाल रेघ स्पष्ट दिसते. वरून मुरलेलं पाणी त्या रेघेवर आलं की खाली जायला वाट नाही म्हणून आडवं बाहेर येतं. जुलैमध्ये भिंतीतून धारा लागतात त्या याच. तो मऊ पट्टा भिजून सुटला की वरचा कातळ कितीही घट्ट असला तरी त्याच्या पायाखालचं गेलं. त्यात आपण रस्ता रुंद करायला डोंगराचा पायथा कापतो, सरळ उभा, आणि कापलेली माती दरीच्या बाजूला ढकलून देतो. मग वरचं खाली येतं आणि खालचं आणखी खाली जातं.

पण माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं दरडीपेक्षा मोरीबद्दल आहे. घाटरस्ता डांबरावर टिकत नाही, तो गटारावर आणि मोरीवर टिकतो. डोंगराच्या बाजूचं गटार पाणी गोळा करतं, दर थोड्या अंतरावर मोरी ते पाणी रस्त्याखालून दरीकडे सोडतं. एवढंच आहे सगळं. गटार मातीने भरलं, मोरीच्या तोंडाशी एक फांदी आणि दोन दगड अडकले, की पाणी रस्त्यावर येतं, रस्त्यावरून वाहत पुढच्या वळणावर जातं आणि तिथे दरीच्या बाजूची साइडपट्टी खायला सुरुवात करतं, आधी साइडपट्टी, मग कठडा, मग अर्धा रस्ता. आठ दिवस बंद राहणाऱ्या घाटाची सुरुवात कित्येक वेळा पाटीभर मातीने झालेली असते. संरक्षक भिंतीचंही तेच, तिच्यात पाणी बाहेर यायला भोकं ठेवतात, ती बुजली की मागे पाणी साठतं आणि भिंत फुगून पडते, मग आपण म्हणतो काम निकृष्ट. असेलही निकृष्ट, पण भोकं बघितली का कुणी?

मी लहान असताना जुलैतल्या एका दिवशी एसटीने वर जात होतो, काचेवर वायपर पोचत नव्हता इतका पाऊस, ड्रायव्हरने गाडी उभी केली कारण रस्त्यात एक माणूस होता. डोक्यावर इरलं, हातात पहार, कमरेएवढ्या पाण्यात मोरीच्या तोंडाशी वाकलेला. मैलकुली. रस्त्याचा एक ठरलेला तुकडा त्याचा असायचा, तो आपल्या तुकड्यातली प्रत्येक मोरी ओळखायचा, कुठली आधी तुंबते, कुठल्या वळणावर झरा फुटतो, कुठला दगड गेल्या वर्षीपेक्षा पुढे आलाय. त्याने पहारेने काहीतरी उपसलं आणि पाणी असं घळघळ खाली गेलं की अख्ख्या गाडीने बघितलं. मग तो बाजूला झाला, आम्ही गेलो. त्या दिवशी घाट बंद पडला नाही आणि त्यामुळे कुठे बातमीही आली नाही.

आता ती माणसं कमी कमी होत गेली, रिटायर झाले त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि काम आलं जेसीबीवर. जेसीबी दरड उचलायला उत्तम आहे, त्याच्याशिवाय २०२१ ला रस्ता उघडलाच नसता, पण जेसीबी बोलवावा लागतो दरड आल्यावर. मोरी बघायला पावसात चालणारा माणूसच लागतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी स्वतः कुंभरोशीच्या खालच्या अंगाला केबलसाठी खणलेली माती थेट गटारात ओढलेली बघितली, सलग बरंच अंतर, आणि तिथे काम करणाऱ्याला विचारलं तर म्हणाला पावसात वाहून जाईल. गेलीच वाहून, मोरीत.

तेव्हा काका, तुम्ही व्यापारी मंडळी एकत्र येऊन काही मागणार असाल तर नवीन डांबर मागण्याआधी हे मागा: १५ मेच्या आत प्रत्येक मोरी उघडून दाखवा, आणि पावसाळ्याचे चार महिने घाटात चालणारी माणसं ठेवा. डांबराच्या तुलनेत हे फार स्वस्त आहे. मोऱ्या मोजायला तुम्ही एखाद्या रविवारी स्वतः गाडी काढून गेलात तरी चालेल, वहीत नंबर टाकून घ्या, फोटो काढा, तारीख टाका. कागद असला की बोलणं सोपं जातं.

प्रश्न: मैलाचे दगड कुठे पिवळे कुठे हिरवे असतात, याचा काही अर्थ आहे का? (विद्यार्थी, वाई)

आहे. वरची बाजू पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक. पोलादपूरला हायवेवर पिवळा बघून आपल्या रस्त्याला लागलास की हिरवा सुरू होतो, बघ पुढच्या वेळी.

प्रश्न: समृद्धी होऊ शकतो, कशेडीला बोगदा होऊ शकतो, मग आंबेनळी चौपदरी करायला किंवा बोगदा काढायला काय हरकत आहे? कोकणातल्या माणसांनी किती दिवस असंच जीव मुठीत धरून जायचं? (वाचक, ठाणे)

तुमचा राग समजतो आणि तो योग्य पण आहे. पण चौपदरीला माझा विरोध आहे, तो स्पष्टच सांगतो. एक तर महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून केंद्र सरकारने इको सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केलाय, तिथे डोंगर कापणं, झाडं तोडणं यावर बंधनं आहेत आणि असायलाच हवीत, कारण कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचं डोकं तिथे आहे. दुसरं म्हणजे वरच्या प्रश्नात जे लिहिलं तेच, जितका डोंगर कापाल तितकं तुम्हालाच उचलावं लागेल. कशेडी मुंबई-गोवा हायवेवर आहे, तिथली वाहतूक वेगळी, कंटेनर, ट्रॅव्हल्स, सगळं. आपल्या घाटाने बरीचशी जा-ये होते ती टुरिस्ट, एसटी, भाजीचे टेम्पो, तालुक्याला जाणारी माणसं, कॉलेजची मुलं. त्यांना ताशी ८० नको आहे, त्यांना पेशंट घेऊन निघाल्यावर रस्ता उघडा असेल याची खात्री हवी आहे. दोन गाड्या नीट पास होतील एवढी रुंदी, धोक्याच्या वळणांवर मजबूत कठडे, दरीच्या बाजूला जाळीत दगड भरून केलेल्या भिंती, चालू मोऱ्या, आणि घाट बंद झाला तर दोन्ही टोकांना ताबडतोब कळेल अशी व्यवस्था, म्हणजे लोक २० किलोमीटर चढून जाऊन परत फिरणार नाहीत. हे झालं तर निम्मं दुखणं जाईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: नवीन लायसन्स आहे, नवऱ्याच्या बदलीमुळे महाडला आलो. मला स्वतः गाडी चालवत महाबळेश्वरला जायचंय पण घरचे घाबरवतात, तो बसचा अपघात सांगतात. जाऊ की नको? (वाचक, महाड)

जा. पण पहिल्यांदा पाऊस आणि धुकं सोडून, आणि सकाळी.

तो अपघात २८ जुलै २०१८ चा, बस दरीत गेली, ३० जणांचा जीव गेला, एकच जण वाचला आणि त्यानेच वर येऊन कळवलं. महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे ट्रेकर्स दोर लावून त्या पावसात खाली उतरले, एकेक देह वर आणला. त्या मुलांबद्दल लिहिताना आजही हात थांबतो. घरच्यांची भीती खोटी नाही ताई, म्हणून ती उडवून लावू नका, फक्त तिच्यामुळे घरी पण बसू नका.

काही गोष्टी लक्षात ठेवा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये तसं आहे, म्हणजे जाताना लोक तुमच्यासाठी थांबतील आणि येताना तुम्ही थांबायचं. ज्या गिअरमध्ये चढ चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर स्वप्नातही नको, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि मग ऐन वेळी लागत नाहीत. वास यायला लागला तर बाजूला घेऊन थांबा, पाणी ओतू नका, नुसतं थांबा. वळणावर हॉर्न. धुक्यात लो बीम, हाय बीमने समोर पांढरी भिंत तयार होते. आणि दरीचा फोटो काढायला साइडपट्टीवर गाडी घालू नका, विशेषतः पावसाळा नुकताच संपलेला असताना, वरून गवत हिरवंगार दिसतं पण खालची माती गेलेली असू शकते. मागे कुणी घाई करत असेल तर जाऊ द्या त्याला पुढे, रस्ता कुठे पळून जात नाही.

प्रश्न: मी कुंभरोशीच्या जवळच राहते, बारावीला आहे. आमच्याकडे येणारे सगळे फक्त प्रतापगड विचारतात आणि जातात. आमच्या भागात अजून काय आहे हे मला पण नीट माहीत नाही, प्रोजेक्ट करायचाय. कुठून सुरुवात करू? (विद्यार्थिनी, महाबळेश्वर तालुका)

तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण ते सगळ्यात आवडलं. सुरुवात पारपासून कर. तिथे रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे, कमानींचा, अजून उभा. १८७६ च्या रस्त्याच्या कितीतरी आधीचा तो. पुलाखाली उन्हाळ्यात उतरता येतं, कमानीचे दगड एकमेकांत कसे बसवलेत ते बघ, पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला पुलाचे खांब कसे ठेवलेत ते काढून घे कागदावर, आणि घाटातल्या आताच्या एखाद्या मोरीचं चित्र त्याच्या शेजारी काढ. नुसती दोन चित्रं शेजारी ठेवलीस तरी अर्धा प्रोजेक्ट झाला.

मग खाली पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, जमलं तर घरच्यांबरोबर एक दिवस काढून जाऊन ये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या आसपासच्या वाड्यांमध्ये असं घर शोध जिथले आजोबा किंवा वडील रस्त्यावर मैलकुली होते. असणारच, रस्त्यावर कामाला आसपासच्याच गावांतली माणसं असायची. त्यांना विचार कुठल्या वळणाला काय नाव आहे. घाटातल्या वळणांना, झऱ्यांना, मोठ्या दगडांना नावं असतात, ती मॅपवर नाहीत आणि कुठल्या सरकारी कागदावर पण सापडायची नाहीत, ती फक्त त्या माणसांना ठाऊक. मोबाइलवर रेकॉर्ड कर, घाई करू नकोस, एकदा बोलून झालं की त्यांना रस्त्यावर घेऊन जा आणि परत विचार, जागेवर गेल्यावर माणसाला जास्त आठवतं. वही भरली की आम्हाला पाठव, जेवढी नावं असतील तेवढी सगळी आम्ही छापू, एक पण गाळणार नाही.